अर्धी रेती

कवडू,

तू मेला, हे मले मुलचेऱ्याच्या बाजारात फुटाणे घेणाऱ्या बाईनं सांगतलं. तेही मी इचारलं म्हणून. समोर तुझी जागा रिकामी होती. मी मनात म्हणलं, शेठ आज उशिरा उठला वाटते. ऊन चढलं, कोंबड्यावाले आले, मच्छीवाले आले, बाजार भरला, तरी तुझं पोतं नाई अन् तू नाई. मंग मालती मासी आली. तिकडल्या बंगाली वस्तीतली ही म्हातारी माझ्याकडून फक्त फुटाणे घेते. माझ्या ढिगातले मुरमुरे तिनं आजवर हातात बी घेतले नाई. फुटाणे तोलता तोलता मी सहज केल्यासारखं इचारलं, "का वो मासी, समोरचा शेठ कुठी मेला आज?"

आपली बोलायची रीतच तशी. तुले माहीत आहे.

मासी म्हणे, "दादा, आपको किसीने बताया नहीं? वो तो पिछले बाजार के दूसरे दिन गुजर गया."

तराजू हातातच राह्यला. मासीनं वाट पाहिली, अन् मंग हळूच म्हणे, "दादा, चना." मी चना पुडीत बांधून देल्ला. कमी देल्ला का जास्त, आठवत नाई.

म्हणजे तुले जाळून झालं होतं. राख सावडून झाली होती. साऱ्या मुलचेऱ्याले माहीत, कोंबड्यावाल्याले माहीत, अन् मले नाई. मले रडू नाई आलं, कवडू. राग आला. तू दुसऱ्यांदा मले न सांगता गेला.

यंदा आपल्या गावचे मंडई मंडळवाले दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले पुस्तक काढून राह्यले. मास्तर घरी आले अन् म्हणे, "डोमाजी, कवडू भाऊवर तुमीच लिहा. चांगलं लिहा." मी म्हणलं, मास्तर, मी चवथीवरी शिकलेला माणूस, चांगलं अन् खरं दोन्ही एका टायमाले लिहिता येत नाई मले. एक काहीतरी सांगा. ते हसले अन् वही ठेवून गेले. खरं लिहून राह्यलो. छापतील तर छापतील.

आपण दोघं मूलच्या राईस मिलात होतो, तिथून सुरू करतो. मी टाक्यावर. धान भिजवणं, उकडणं, वाळवणं, हे माझं. तू त्याच्या आधी विटाभट्टीवर राबलेला, म्हणून बॉयलरमध्ये कोंडा टाकायचं काम तुझ्याकडं. एक दिवस मालकाच्या पोट्ट्यानं तुले "ए कोंडा" म्हणून हाक मारली. तुझ्या मांडीएवढं ते पोट्टं. तू फावडं भिंतीले टेकवून ठेवलं, हात झटकले, अन् टाक्यावर माझ्याकडं आला.

"डोमा, धान तुले येते का नाई?"

"येते."

"आगी मले येते. मंग आपुन ह्या बापलेकाचं पोट कायले भरून राह्यलो गा?"

तेवढ्यावर मी काम सोडलं. घरी येऊन सांगतलं तर माझी गया चुलीपुढून उठलीच नाई. म्हणे, "कवडूनं हिरीत उडी मार म्हनलं असतं त मारली असती का?" मी म्हणलं, मारली असती. खोटं नव्हतं ते.

मांडव-भांडी भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याकडून पंगतीची जुनी कढई आणली. बुडाले भोक होतं, ते लोहाराकडून बुजवून घेतलं. रेती वैनगंगेची. सायकलच्या दांड्यावर पोतं टाकून, एकानं ढकलायचं अन् एकानं धरायचं, असं करत घरी आणली. धुतली, वाळवली, चाळली, तरी पहिल्या घाण्याचे मुरमुरे दातात कचकचले. तुझ्या सासऱ्यानं एक मूठ खाल्ली, थुंकला अन् म्हणे, "जवाई, याच्यात मुरमुरे कमी अन् नदी जास्त हाय." ते सारे मुरमुरे आपण बैलांना चारले. बैलांनी खाल्ले तर तू म्हणला, "पाय, गिऱ्हाईक त भेटलं."

वाचणाऱ्याले सांगतो. मुरमुऱ्याच्या धंद्यात रेतीच सगळं काही असते. भाजून भाजून तिच्यातली माती जळून जाते, कण गुळगुळीत होतात, रंग काळा पडते, मंग कुठं तांदूळ तिच्यात पडल्या पडल्या पांढराशुभ्र फुगून वर येते. अशी रेती विकत भेटत नाई. ती भट्टीवर बसून करा लागते. आपली रेती झाली तेव्हा माझी मोठी पोरगी चालायले लागली होती.

अन् नियम. नियम माझा होता, ते कबूल. मिलात मी भागीदार भांडताना पाहिले होते. म्हणून म्हणलं, दोघायले दोन्ही कामं आली का दुकानं दोन होतात. तर धान अन् मीठ माझं, आगी अन् रेती तुझी. तांदळाले मिठाचं पाणी चोळायचं काम मी बांबूच्या ताटव्याआड करीन, तू पाहायचं नाई. तू काड्यांच्या जुडीनं रेतीत तांदूळ हलवशील, तेव्हा मी भट्टीकडं पाठ करून बसीन. तू हसला होता. "डोमा, हे काय नवी नवरी हाय का, ताटव्याआड बसवाले?" पण मानलं तू. मले वाटलं, मानलं.

मी खरंच पाठ करून बसत होतो, कवडू. इतके साल माझ्या मागं आगी जळत होती, रेती खसखस वाजत होती, मुरमुरा फुटायचा आवाज येत होता, अन् मी भिंतीकडं तोंड करून पोती शिवत होतो. एकदा बी वळून पाहिलं नाई.

मंडईचे दिवस आठवतात का? दिवाळी झाली का गावोगावच्या मंडया सुरू. आज या गावाले, उद्या त्या गावाले. सारे सोयरे जमलेले, सिंगाडे, ऊस, दंडार, नाटक, अन् त्याच्यात आपला ढीग. तू दंडारीत बाईचं काम करत होता, म्हणून गळा तयार होता तुझा. "या गा मामा, या वो मावशी, हवेतून उडत येऊन राह्यले मुरमुरे, पिशवी धरा!" बाया हसत हसत पदर पसरत होत्या. मी ढिगामागं बसून फक्त तोलत होतो. तोंड तुझं, तराजू माझा. त्या धंद्यावर माझ्या दोन पोरींची लग्नं झाली, घरावरचे कवेलू जाऊन टिना आल्या, अन् मी पुन्हा कोणाच्या मिलात पाय नाई ठेवला. हे तुझ्यामुळं झालं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणलो नाई. तूही माझ्या तोंडावर काही म्हणला नाई, म्हणून फिटंफाट म्हणाची का?

एका साली ऐन मंडईत मी तापानं पडलो. उठता येत नव्हतं. धंदा बुडतो तर बुडू दे, पण मिठाचं माप तुले सांगायचं नाई, असा माझा हट्ट. मी खाटेवरून गयाले सांगून मिठाच्या पुड्या बांधून घेतल्या. एका घाण्याले एक पुडी. पिशवीभर पुड्या तुझ्याकडं पाठवल्या. तू मंडया मारल्या, सारा माल विकून आला. मी बरा झालो तेव्हा एक मूठ तोंडात टाकून म्हणलं, "पाय, माह्या पुड्यायनं वाचवलं तुले."

तू म्हणला, "हो गा. तुह्याबिगर काही खरं नाई."

ते वाक्य मी किती साल जपून ठेवलं होतं, तुले काय सांगू.

मंग मुलचेरा आलं मधात. मंडया सरल्या का आपला धंदा झोपत होता. तू एकदा दोन गाड्या बदलून मुलचेऱ्याच्या बाजाराले पोतं घेऊन गेला अन् रिकामं पोतं घेऊन आला. डोळे असे चमकून राह्यले होते तुझे.

"डोमा, तिकडे लोकं रोज खातेत! सकाळी चहासंगं, संध्याकाळी कांदा, मिरची अन् मोहरीचं तेल लावून. पोटाले जेवन म्हनून खातेत. मुडी म्हनतेत त्याले."

"मुरमुरा जेवन होय का?"

"त्यायचं होय. आपल्याले काय कराचं? फक्त मीठ कमी पायजे म्हनतेत."

"कोन म्हनते?"

"सारेच. ती मालती मासी म्हने, तुमचे मुरमुरे खाल्ले का तहान लागते."

"मंग पानी प्या म्हना."

"अबे, रोज खानाऱ्याले एवढं मीठ कसं चालन? एक घाना कमी मिठाचा करून त पाय."

"आगी तुही, मीठ माहं. माह्या कामात बोट नोको घालू."

हे भांडण आपण किती वेळा भांडलो! पोती भरताना, बाजारात, एसटीत. कंडक्टर बी म्हणे, काका, तुमच्यातलं मीठ अजून सुटलं नाई का? तू म्हणत होता, भट्टीच तिकडं नेऊ, बारा महिने चालन. मी म्हणत होतो, भट्टी इथून हलणार नाई. तू म्हणत होता, लोकायले जे पायजे ते देनं म्हनजे धंदा. मी म्हणत होतो, आपल्याले जे येते ते चांगलं करणं म्हणजे धंदा. मले अजूनही वाटते का मी चुकलो नव्हतो. तुले जे म्हणायचं होतं ते सारं म्हणून झालं होतं का, तेवढं मात्र समजलं नाई. कारण एक दिवस तू भांडणं बंद केलं. मी समजलो, जिंकलो.

होळी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टीवर आलो. कढई पुसून ठेवलेली. तिच्यात रेती अर्धी. पहिले वाटलं, चोर आला. मंग पाहिलं, चाळणी धुऊन भिंतीले उभी. चाळणी आपण कधीच धुत नव्हतो, नुसती झटकत होतो. त्या दिवशी ती धुतलेली होती. पाणी अजून निथळून राह्यलं होतं.

मी तुझ्या घरी गेलो. कुलूप. शेजारची म्हणे, "ते त पहिल्या गाडीनं मुलचेऱ्याले गेले, भांडेकुंडे घेऊन. तुमाले सांगून नाई गेले का?"

हे वाक्य मंग मी साऱ्या गावाच्या तोंडून ऐकलं. किराणावाल्याकडून, न्हाव्याकडून, तुझ्या सासऱ्याकडून बी. सांगून नाई गेला का? सांगून नाई गेला का? मी म्हणत गेलो, सांगून गेला. काय करू? अब्रू माझी होती.

चोर असता तर सारी रेती नेली असती. दोस्त असता तर एक कण नेला नसता. अर्धी नेणाऱ्याले काय म्हणतात ते मले अजून ठाऊक नाई.

अर्ध्या रेतीत तांदूळ फुगत नाई, बुडाले लागते. वरून नवी रेती टाकली तर पुन्हा दातात कचकच. अन् आगी मले येत नव्हती. मी नियम पाळला होता ना! घाण्यामागून घाणा जाळला. शेवटी गया उठली, म्हणे, "सरका तिकडे," अन् पदर खोचून बसली. ती येता जाता तुझ्याकडं पाहत होती. तिले कोणी नियम लावला नव्हता. पहिला बरा घाणा तिनं काढला. मी त्या दिवशी बी तिच्याकडं पाठ करूनच बसलो होतो, सवयीनं. तिनं पाठीवर काड्यांची जुडी हाणली तेव्हा वळलो.

तेव्हापासून मी दर बाजाराले मुलचेऱ्याले येत राह्यलो, तुझ्या बरोब्बर समोर बसत राह्यलो. माझे मुरमुरे तिथं कोणी घेत नाई. गाडीभाडं बी सुटत नाई. गया म्हणते, "दुसरे बाजार मेले का?" मी म्हणतो, तिथं फुटाणे चालतात. फुटाणे सगळीकडंच चालतात, हे तिलेही माहीत आहे. खरं हे का, मले वाटत होतं, एक दिवस तू रस्ता ओलांडून येशील. मी काही तोंडपाठ करून ठेवलं नव्हतं. फक्त इचारणार होतो, "काऊन गेला?" तेवढंच. पहिले मी येणार नव्हतो. गेला तू होता, यायचं तुलेच होतं.

तू कधी कधी मान उचलून पाहत होता. मंग मी गिऱ्हाईक नसलं तरी पुड्या बांधत होतो.

अन् हे शेवटले दोन साल तू खुर्चीवर बसून राह्यला होता. तुझी शांताबाई तोलणार, शांताबाई पैसे घेणार, अन् तू अंगावर शाल घेऊन नुसता बसलेला. मी घरी येऊन गयाले सांगत होतो, "शेठ झाला कवडू. बायकोले राबवते अन् स्वतः खुर्ची उबवते." किती शिव्या घातल्या मी त्या खुर्चीले!

मासीनं सांगतलं त्या दिवशी मी दुकानाची पाल आवरली अन् इचारत इचारत तुझ्या घरी गेलो. भांडायलेच गेलो होतो, खोटं काऊन सांगू. अंगणात शांताबाई धान वाळवत होती. मले पाहून उठली.

"आले का भाऊजी."

"सांगावा काऊन नाई देल्ला?"

"त्यायनंच नाई म्हनलं होतं. म्हनत, डोमा आला त भांडन, अन् माही जीभ आता चालत नाई. एकट्यानं भांडनं त्याले आवडत नाई."

मंग समजलं. दोन साल झाले होते तुले लकवा मारून. शालीखाली तो हात होता, ज्यानं तू रेती हलवत होता. भट्टी शांताबाई चालवत होती. तू खुर्चीवर बसून तिले बाजारभर डोळ्यानं सांगत होता. अन् मी समोर बसून शेठ म्हणत होतो. दुसरा हात वर करून दाखवला असता एकदा, कवडू. चांगला होता तो तरी.

मी ओट्यावर बसलो. म्हणलं, "मले एकच सांगा. तो सांगून काऊन नाई गेला?"

तिनं धानात हात फिरवणं थांबवलं. म्हणे, "मी बी इचारलं होतं, गाडीत बसल्यावर. ते म्हने, डोमाले सांगतलं त तो नोको जाऊ म्हनन. अन् त्यानं म्हनलं त माह्याच्यानं जानं होनार नाई."

"हे काय उत्तर होय का?"

"मले काय माहीत, भाऊजी. तुमा दोघायचं तुमालेच माहीत."

ती आत जाऊन चहा घेऊन आली. संगं ताटलीत मुरमुरे. मी म्हणलं, नोको, तुमचे आळणी मुरमुरे तुमालेच लाभो. ती म्हणे, "खा त." मी एक मूठ टाकली तोंडात.

माझं मीठ होतं. कमी नाई, जास्त नाई. माझं.

"हे कोनी केले?"

"मीच केले. विकाचे ते कमी मिठाचे. हा डबा त्यायचा अलग. त्यायले आळणी चालतच नव्हते."

"माप कोनी सांगतलं?"

"त्यायनंच."

"त्याले कसं माहीत? मी त ताटव्याआड करत होतो!"

तिले हसू आलं. तुझ्या जाण्याले आठवडाच झाला होता, तरी आलं. "भाऊजी, ताटव्यानं काय होते? तांदूळ हातात आला का मीठ समजते म्हनत ते. अन् तुमी तापानं पडले होते तेव्हाच्या पुड्या..."

"काय झालं पुड्यायचं?"

"त्या त पहिल्याच दिवशी आमच्या बकरीनं खाल्ल्या. पिशवीसकट. त्यायनं आपल्याच हातानं मीठ टाकलं. मले म्हने, डोमाले सांगू नोको, त्याले लागन."

ओट्यावर कोणीतरी चहा पिऊन राह्यलं होतं, तो मीच होतो. कप कधी रिकामा झाला समजलं नाई.

कवडू, म्हणजे तुले दोन्ही कामं पहिल्यापासून येत होती. पहिल्याच सालापासून तू जाऊ शकत होता. अन् मी समजत होतो का तू माझ्या मिठाले बांधला आहे. माझी पाठ भिंतीकडं, अन् तुझ्या हातात माझं सारं माप. "तुह्याबिगर काही खरं नाई" म्हणताना तुझ्या मनात ती बकरी होती. त्या वाक्याचं आता मी काय करू?

अन् तू रोज माझं मीठ खात होता, तर मंग माझ्याशी भांडला काऊन? एवढंच एक म्हणायचं होतं तुले, का डोमा, मले तुहं आवडते, पण लोकायले दुसरं पायजे. हे तू म्हणला नाई. का म्हणला, अन् मी ऐकलं नाई? नाई. तू म्हणला असता तर मी ऐकलं असतं. तेवढं मी ऐकणारा आहे.

निघताना शांताबाईनं भट्टीमागून पोतं ओढत आणलं. म्हणे, "जाच्या आदल्या दिवशी एवढंच बोलले. डोमाची रेती डोमाले दे."

"अन् तुमी भट्टी कायच्यात चालवान?"

"नवी आनीन. पहिले सालभर शिव्या खाईन. ठाऊक हाय मले."

मी पोतं उचललं. माझंच होतं, नाई कशाले म्हणू? गाडीत कंडक्टर म्हणे, "काका, पोत्यात काय हाय?" म्हणलं, रेती. म्हणे, "रेती? वैनगंगा आटली का?" मी तिकीट घेतलं अन् खिडकीकडं तोंड केलं.

घरी येऊन ती अंगणात ओतली. तिच्यात लालसर कण होते, तिकडल्या कोणत्या तरी नाल्याचे. आपली काळी रेती अन् ते लाल कण असे मिसळले होते का निवडता येणार नाई. माझ्याही कढईत आता आपली निखळ कुठी आहे? मी पाहत बसलो तर गया म्हणे, "आता त्याले निवडत नोका बसू. मंडई आली."

मी निवडत नाई बसलो. चाळली. अन् चाळून झाल्यावर टोपल्यानं मापून दोन ढीग केले. एक कढईत टाकला. गयानं आगी लावली, तांदूळ टाकला. खरं सांगतो, असा मुरमुरा माझ्या भट्टीवर तू गेल्यापासून फुगला नव्हता. मले आनंद नाई झाला. एवढे साल हे माझ्याजवळ असू शकत होतं, हेच सारखं मनात येत होतं.

शांताबाईले तू जे सांगतलं, त्याच्यावर मी लय विचार केला. मी नोको जाऊ म्हणलो असतो, हे खरं. तुझ्या दारात बसलो असतो, हेही खरं. तू कदाचित थांबला असता, नाई तर माझ्या अंगावरून पाय टाकून गेला असता. पण आपला शेवटला घाणा कोणता, ते मले माहीत असतं. होळीच्या आदल्या दिवशी आपण काम केलं. मी पाठ करून पोतं शिवून राह्यलो होतो. तू मागून म्हणला, "झालं गा डोमा." मी "हं" म्हणलं. वळून बी पाहिलं नाई. तो शेवटला होता हे एकट्या तुले माहीत होतं. तेवढं तू चोरलं, कवडू. रेती नाई. ते.

पुढल्या बाजाराच्या दिवशी दुसरा ढीग पोत्यात भरला अन् मुलचेऱ्याले नेला. शेवटल्या घाण्याचं माझं नवं वैर, ते बी संगं नेलं. पाल लावायच्या आधी तुझ्या घराकडं गेलो. शांताबाई मागं भट्टीवर होती, खसखस आवाज येत होता. नव्या रेतीचा आवाज वेगळाच असते, मले आता समजते. मी हाक मारली नाई. पोतं ओट्यावर ठेवलं अन् निघालो. म्हणलं, घ्या, न सांगता अर्धं ठेवून जाणं मलेही येते.

फाटकापर्यंत गेलो. मंग मनात आलं, पोत्याचं तोंड ढिलं राह्यलं असन तर सांडन. परत आलो. सुतळी सोडली, घट्ट बांधली. पुन्हा फाटकापर्यंत गेलो. मंग वाटलं, बकरी येईन तर? पुन्हा परत आलो, पोतं उचलून वरच्या पायरीवर ठेवलं. आतला खसखस आवाज थांबला. मी तसाच उभा राह्यलो, हाक यायची वाट पाहत. आवाज पुन्हा सुरू झाला, तेव्हा निघालो.

एवढंच इचारायचं आहे आता, दुसरं काही नाई. त्या दिवशी सकाळी रेती भरून झाल्यावर, तू बी फाटकातून परत आला होता का गा? चाळणी धुतलेली होती, म्हणून इचारतो.